मंडळाची खोली, औद्योगिक गाळा की शाळेचा हॉल?

चित्रकार, छापकाम करणारे, मातीकाम करणारे आणि नाटकाच्या तालमीला जागा शोधणारे अशा आठ-दहा जणांनी मिळून मुंबईत सामायिक स्टुडिओ उभा करायचा आणि त्यासाठी आजूबाजूच्या लोकांची मदत घ्यायची, असे ठरले की जागेचे साधारण तीन पर्याय समोर येतात: चाळीतल्या किंवा जुन्या वसाहतीतल्या मंडळाची खोली, साकीनाका किंवा लोअर परळसारख्या भागातल्या औद्योगिक इमारतीतला गाळा आणि संध्याकाळी रिकामा राहणारा शाळेचा हॉल. बहुतेक जण ही तुलना भाड्यापासून सुरू करतात. मी ती किल्लीपासून सुरू करतो, कारण किल्ली कोणाकडे असते आणि वर्षातून किती दिवस ती परत मागितली जाते, यावर तिथे कोणते काम होऊ शकेल हे ठरते.

शाळेच्या हॉलची किल्ली शिपायाकडे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी हॉल होता तसा परत द्यावा लागतो, त्यामुळे ओला कॅनव्हास, अर्धवट मडके किंवा शाई लागलेली चौकट तिथे ठेवता येत नाही. परीक्षा आल्या की हॉल बंद, आणि निवडणूक लागली की मतदान केंद्रासाठी शाळाच ताब्यात जाते. तरीही तालीम, वाचन किंवा चित्रकलेचा वर्ग अशा, उठून जाताना मागे काही न ठेवणाऱ्या कामांसाठी याहून स्वस्त जागा मिळणे अवघड आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४मध्ये प्रयोग सुरू केले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक पिढी त्या शाळेच्या नावाने ओळखली जाऊ लागली, पुढे संस्थेचे काम माहीमच्या महापालिका शाळेत गेले. त्यांना नेपथ्य आवरून निघता येत होते. छापकाम करणाऱ्याला तसे निघता येत नाही.

गाळ्याचे सगळे याच्या उलट असते. किल्ली तुमची, रात्री दहानंतरही काम करता येते, मालवाहू लिफ्ट असते, आणि विजेची भट्टी लावायची असेल तर थ्री-फेज जोडणी मिळण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. रहिवासी वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, त्यामुळे लाकूडकाम किंवा धातूकाम करणाऱ्यांनी इतर दोन पर्यायांचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९नुसार जागामालकाची असते, आणि करार नोंदवलेला नसेल तर वादात अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.  गाळ्याची अडचण वेगळीच आहे: तिथे शेजारी म्हणजे पॅकिंगवाला आणि प्लास्टिकचे साचे करणारा, दोघेही सज्जन, पण संध्याकाळी शटर ओढून घरी जाणारे. लोकांच्या मदतीने स्टुडिओ चालवायचा आणि लोक मात्र तीन किलोमीटरवर, अशी स्थिती होते, आणि मग डिपॉझिटपासून पंख्यापर्यंत सगळे आठ जणांच्या खिशातून येते.

मंडळाच्या खोलीबद्दल मी अधिक लिहिणार आहे, कारण आमच्या नऊ जणांच्या गटाने दोन वर्षे परळ भागातल्या अशाच एका खोलीत स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढून छापण्याचे काम, केले. मंडळाने भाडे नाममात्र घेतले. बदल्यात आम्ही उत्सवाचे फलक छापून द्यायचे आणि रविवारी सकाळी मुलांना शिकवायचे, असे ठरले. सुकवणीसाठी रॅक विकत घेणे परवडत नव्हते. पूर्वी गिरणीत फिटर असलेल्या समोरच्या काकांनी तो लाकडी पट्ट्या आणि काचेच्या गोट्या वापरून करून दिला: प्रत्येक खाचेत एक गोटी, कागदाची कड खालून सरकवली की गोटी ती धरून ठेवते, आणि कागद वर ढकलला की सोडते. गोट्या चाळीतल्या मुलांनी दिल्या आणि त्यांतल्या काही, रास्त कारणांसाठी, परतही नेल्या. अशी मदत गाळ्यात मिळत नाही, कारण तिथे तुमचे काम दारातून पाहणारे कोणी नसते.

पण त्याच खोलीत जुलैमध्ये छपाईच्या चौकटीवरचे इमल्शन (नक्षी उमटवण्यासाठी जाळीवर लावायचा लेप) हवेतल्या ओलीमुळे दोन-दोन दिवस सुकत नसे, आणि थिनरच्या वासाने वरच्या मजल्यावरून तक्रार आल्यावर आम्हाला पाण्याच्या शाईवर यावे लागले. त्यापुढचा प्रसंग आमच्याच निष्काळजीपणाचा. गणपतीच्या महिनाभर आधी सजावटीच्या चौकटी खोलीत येणार, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आम्ही विचारले नव्हते. कार्यकर्त्यांनी रॅक गॅलरीत ठेवला, रात्री सर आडवी आली आणि चाळीस प्रिंट भिजून गेले. म्हणून मंडळाशी बोलताना भाड्याआधी वर्षभराच्या तारखा मागाव्यात: गणपती, नवरात्र, हळदीकुंकू, सत्यनारायण, सर्वसाधारण सभा.

दोन गोष्टी कागदावर पाहाव्यात. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यासाठी त्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘दहा वर्षे काळजी करू नका’ असे सेक्रेटरी म्हणाले तरी ते त्यांच्या एकट्याच्या हातात नसते. आणि चाळीचा पुनर्विकास कुठवर आला आहे हे मंडळाला नव्हे, दोन-तीन रहिवाशांना विचारावे. संमतीपत्रांवर सह्या सुरू झाल्या असतील, तर तिथे लाद्या बसवण्यावर पैसे घालू नयेत.

पैशाबाबतही असाच फरक आहे. एकच मोठा आश्रयदाता मिळाला तर काम झटपट उभे राहते. १९५०च्या आणि ६०च्या दशकांत अशाच आश्रयावर वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन आणि गायतोंडे चित्रे काढत, अल्काझींच्या नाटकांचे काम चाले आणि रविशंकर संगीत शिकवत. आज ती वास्तू नाही आणि ते एकत्र काम करणेही उरले नाही. वर्गणीचा पैसा संथपणे येतो, पण पन्नास घरांनी शंभर-शंभर रुपये दिले की पन्नास घरे विचारपूस करू लागतात. मात्र स्वतःचे पावतीपुस्तक छापण्याआधी संस्था नोंदवावी, त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. तोवर मंडळाच्या पावतीवर पैसे घेण्याचा मोह टाळावा, कारण पुढे हिशेब त्यांचा की तुमचा यावरून होणारी भांडणे जागेच्या भांडणांपेक्षा जास्त चिघळतात.

माझा कौल असा: मातीकाम, छापकाम, शिवणकाम, चित्रकला यांसाठी आधी मंडळाची खोली, तीही अकरा महिन्यांच्या लेखी करारावर आणि उत्सवाचा दीड महिना वगळून, त्या दीड महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये वर्ग चालवावेत. मातीकामाला भट्टीसाठी स्वतंत्र सोय लागेल, आणि धारावीच्या कुंभारवाड्यात भट्ट्या आहेत. तिथल्या कुटुंबांशी आधी बोलून, त्यांचा मोबदला ठरवून मगच चाक विकत घ्यावे. गाळा तेव्हाच, जेव्हा यंत्रे खरेदी झाली असतील आणि निदान सहा जण दरमहा न चुकता पैसे भरत असतील. खोली मिळाली तर किल्लीच्या तीन प्रती कराव्यात. एक गटाकडे आणि एक मंडळाकडे राहते. तिसरी आम्ही रॅकवाल्या काकांकडे ठेवली होती, आणि रात्री सर येण्याच्या आधी त्यांना कोणी उठवले असते, तर ते चाळीस प्रिंट वाचले असते.