चर्चासत्र की जाहीर व्याख्यान? राज्यशास्त्राचा विभाग निवडताना

एम.ए. किंवा पीएच.डी.साठी दोन राज्यशास्त्र विभागांतून एक निवडायचा असला की बहुतेक जण आधी प्राध्यापकांची नावं बघतात आणि मग शिष्यवृत्ती. मी त्यांना आणखी एक गोष्ट मागवायला सांगते: गेल्या दोन सत्रांत विभागात काय काय झालं त्याचा कार्यक्रम. तो समोर ठेवला की विभागाचा ओढा कुठे आहे ते कळतं. एका विभागात दर आठवड्याला ठरलेल्या दुपारी छोट्या खोलीत वीस-पंचवीस माणसं बसून कुणाचा तरी कच्चा शोधनिबंध वाचून आलेली असतात. दुसऱ्यात महिन्यातून तीनदा मोठं सभागृह भरतं: माजी राजदूत, निवृत्त न्यायाधीश, निवडणुकीच्या तोंडावर परिसंवाद. दोन्ही प्रकार थोडेफार सगळीकडेच असतात, पण पारडं कुठे झुकलंय त्यावर तुमची दोन वर्षं किंवा पाच वर्षं कशी जातील ते ठरतं.

आधी चर्चासत्राबद्दल, कारण बाहेरून ते अगदी रूक्ष दिसतं. निबंध आठवडाभर आधी सगळ्यांकडे जातो. त्या दिवशी लेखक जेमतेम दहा-पंधरा मिनिटं बोलतो, मग एक जण ठरवून टीका-टिप्पणी करतो, आणि उरलेला तासभर प्रश्न. काही ठिकाणी निबंध लेखकाऐवजी दुसराच कुणी मांडतो आणि लेखक गप्प बसून ऐकतो. आपलं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुठे काय अर्धवट राहिलंय ते फार लवकर उघडं पडतं.

मी बसलेल्या अशाच एका सत्रात विषय होता आघाडी सरकारांच्या आयुर्मानाचा. पक्ष जास्त, तर सरकार लवकर पडतं, असा निबंधाचा दावा होता आणि तक्ते नीटनेटके होते. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं, "सरकार संपलं असं तुम्ही नेमकं कधी धरलंत?" पंतप्रधान बदलला पण पक्ष तेच राहिले, तर ते नवं सरकार की जुनंच? मुदत संपून निवडणूक झाली आणि तेच पक्ष पुन्हा सत्तेत आले तर? लेखकाने एका देशासाठी एक नियम लावला होता आणि दुसऱ्या देशासाठी दुसरा, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. मोजण्याचा नियम बदलला की अर्धा निष्कर्ष हलत होता. पुढची चाळीस मिनिटं सगळी खोली त्या एकाच प्रश्नावर होती. संशोधन म्हणजे काय, हे मला पद्धतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या दुपारी जास्त कळलं.

एलिनॉर आणि व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ दांपत्याने 1973 साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात आपलं संशोधन केंद्र सुरू केलं तेव्हा त्याला 'वर्कशॉप' म्हटलं, आणि ते शब्दशः कार्यशाळेच्या अर्थाने. दोघांनी एका सुतारकाम करणाऱ्या कारागिराबरोबर फर्निचर बनवलं होतं, आणि संशोधनही तसंच, जाणत्याच्या शेजारी बसून हाताने शिकायचं काम आहे, अशी त्यांची धारणा होती. जंगल, पाणी, कुरणं अशा सामाईक संसाधनांवरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. युरोपातल्या राज्यशास्त्र संशोधकांचा संघही 1973 पासून अशाच धर्तीच्या कार्यशाळा भरवतो. तिथे माणूस सगळे दिवस एकाच गटात बसतो, या खोलीतून त्या खोलीत फिरत नाही.

आता सभागृहाकडे येऊ. जाहीर व्याख्यानाला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर 28 जानेवारी 1919 रोजी म्युनिकमध्ये राजकारण या पेशाबद्दल बोलले ते विद्यार्थी संघटनेच्या आमंत्रणावरून, एका पुस्तकविक्रेत्याच्या सभागृहात, आणि बाहेर क्रांतीचे दिवस चालू होते. राजकीय तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी स्वातंत्र्याच्या दोन संकल्पना मांडल्या त्या 31 ऑक्टोबर 1958 रोजी, ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकपद स्वीकारतानाच्या व्याख्यानात. राज्यशास्त्राचा विद्यार्थी आजही या दोन भाषणांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. वेल्समधल्या ॲबरिस्टविथला 1919 साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचा जगातला पहिला विभाग उभा राहिला, तोही महायुद्धानंतर शांततेचा विचार लोकांपर्यंत जावा या तळमळीतून. समाजाशी बोलणं हे या विषयाच्या मुळातच आहे.

विद्यार्थ्याला त्यातून मिळतं ते वेगळं. सत्ता प्रत्यक्ष वापरलेला माणूस तुमच्यासमोर उभा राहून कुठे अडखळतो, कोणता प्रश्न टाळतो, हे बघणं हा अभ्यासच आहे. पण तुमच्या वाट्याला बहुधा एकच प्रश्न येतो, तोही माइक पोचला तर. आधी कुणीतरी प्रश्नाच्या नावाखाली पाच मिनिटांचं भाषण केलेलं असतं. आणि बरीचशी जाहीर व्याख्यानं नंतर ध्वनिचित्रित रूपात मिळतात. ती ऐकायला त्या विभागात प्रवेश घ्यावा लागत नाही. चर्चासत्रातला तो तास मात्र खोलीत बसलेल्यांनाच मिळतो. निवड करताना हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

मधला एक प्रकार बंद दाराआडच्या गोलमेजांचा. तिथे अनेकदा लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा 1927 पासूनचा नियम लागू असतो: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. विद्यार्थ्यांना आत घेत असतील तर उत्तम. नसतील तर तुमच्या हिशेबात धरू नका.

ब्रिटनमधले विभाग पाहत असाल तर आणखी एक गोष्ट. तिथल्या 2014 च्या संशोधन मूल्यमापनात समाजावरच्या परिणामाला 20 टक्के वजन दिलं गेलं, 2021 मध्ये ते 25 टक्के झालं. त्यामुळे लोकांसमोर जाण्याला विभागांमध्ये महत्त्व आलं. पण त्या नियमातही परिणाम विभागाच्या स्वतःच्या संशोधनातून आलेला दाखवावा लागतो. मला हीच कसोटी कुठल्याही देशातल्या विभागासाठी योग्य वाटते. व्याख्यानमालेच्या यादीत विभागातल्या प्राध्यापकांची आणि पीएच.डी. करणाऱ्यांची नावं आहेत का ते बघा. सगळे वक्ते बाहेरचे असतील, तर विभाग फक्त सभागृह पुरवतोय.

पीएच.डी. करायची असेल तर मी बेधडक चर्चासत्राचा विभाग घ्या म्हणेन, सभागृह कितीही झगमगीत असलं तरी. दर आठवड्याला तीस-चाळीस पानं वाचून जावं लागेल, आणि कधीतरी तुमच्या निबंधाच्या चिंध्या होतील, ते सोसायची तयारी ठेवा. एम.ए. करून पत्रकारितेत, प्रशासनात किंवा धोरणाच्या कामात जायचं असेल तर जाहीर कार्यक्रमांचा विभाग जास्त देईल. पण विद्यार्थ्यांना वक्ता ठरवणं, टिपण तयार करणं, सूत्रसंचालन करणं ही कामं मिळत असतील तरच. नुसत्या खुर्च्या मांडायला आणि गुच्छ आणायला लावत असतील तर नाही. अजून काहीच ठरलं नसेल तर मी चर्चासत्राकडे झुकेन, कारण व्याख्यानं नंतरही ऐकता येतात.

चर्चासत्राच्या नावाला भुलू नका मात्र. काही ठिकाणी पुढच्या रांगेतले चार ज्येष्ठच बोलतात आणि बाकीचे वहीत मान घालून बसतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथे शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठा आणि एवढंच विचारा: गेल्या सत्रात तुम्ही स्वतः कुठल्या निबंधावर काय प्रश्न विचारलात? ज्याला तो निबंध आणि तो प्रश्न लगेच आठवतो, त्याच्याशी आणखी अर्धा तास बोला.