मिथेनॉल-पाण्यासाठी सीपीए की पीसी-सॅफ्ट?

सीपीए आणि पीसी-सॅफ्ट ही द्रव-वायूंचा दाब, तापमान आणि घनता यांची सांगड घालणारी समीकरणं. हायड्रोजन बंधांचा हिशेब दोन्हींत एकच आहे, शास्त्रज्ञ वर्थहाइम यांनी १९८४ ते १९८६ मध्ये मांडलेला. मिथेनॉलच्या रेणूवर दोन बंधस्थानं, म्हणजे बंध जुळू शकेल अशा जागा, धरा. घनता आणि बंधाची ताकद यांचा गुणाकार २ आला, तर निम्मी स्थानं मोकळी राहतात; २० आला, तर फक्त एक पंचमांश. एका साध्या वर्गसमीकरणातून हे सगळं निघतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फरक आहे तो उरलेल्या भागात. सीपीए (१९९६) तिथे जुनं सोआवे-रेडलिश-क्वाँग समीकरण वापरतं; बंध नसले की तेवढंच शिल्लक राहतं. गॅसच्या पाइपलाइनमध्ये हायड्रेट (पाणी आणि गॅसचा बर्फासारखा घन) जमू नये म्हणून मिथेनॉल किती सोडायचं, या हिशेबाला मी सीपीएच घेईन. पीसी-सॅफ्ट (२००१) रेणूला गोळ्यांची साखळी मानतं, त्यामुळे मिश्रणात पॉलिमर असेल तर तेच घ्यावं. ‘सीपीए सोपं’ हे मात्र पटत नाही: बंध करणाऱ्या शुद्ध द्रव्याला दोन्हीकडे पाचच प्राचल (त्या द्रव्यासाठी ठरवायचे आकडे) लागतात.

हायड्रोजन फ्लोराइडच्या वाफेत रेणू वलयं करतात आणि एका बंधामुळे पुढचा बळकट होतो. वर्थहाइम यांच्या मूळ सिद्धांतात या दोन्ही गोष्टी नाहीत, तेव्हा तिथे सुधारणा केल्याशिवाय दोन्हींपैकी एकही वापरू नये.