वेणू, वेणा की येसू?

मुलीला जुन्या वळणाचं नाव ठेवायचंय, सातारा-सांगलीच्या मातीतलं हवंय आणि वर्गात त्याच नावाची दुसरी नको, असं असेल तर या तिघींचा विचार जरूर करा.

वेणू त्यातलं सगळ्यात ओळखीचं. वेणू म्हणजे बांबू आणि त्याची बासरी, त्यामुळे कृष्ण आपसूक आठवतो. यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई. कराडला त्यांचं स्मारक आहे. उच्चार सोपा, हाक मारायला गोड. फक्त मिरजेपलीकडे कर्नाटकात वेणू हे मुलाचं नाव, वेणुगोपालचं. तिकडे नातीगोती असतील तर हे धरून चाला.

वेणा ऐकायला तिची सख्खी बहीण, पण मूळ निराळं. पुराणांत वेणा हे नदीचं नाव. महाबळेश्वरी उगम पावून संगम माहुलीला कृष्णेला मिळते ती आपली वेण्णा. दुसरा आधार संत वेणाबाईंचा. सासर मिरजेचं, कोवळ्या वयात वैधव्य, पुढे समर्थ रामदासांचं शिष्यत्व. विधवेनं चारचौघांत दिसलेलंही खपत नव्हतं, त्या काळात ही बाई उभी राहून कीर्तन करायची. ‘सीतास्वयंवर’ तिनंच रचलं. मठ मिरजेत, समाधी सज्जनगडावर. दोन्ही जिल्हे तिला आपली म्हणतात. त्रास एकच: लोक हटकून ‘वीणा’ लिहितात. दाखला असो की आधार, ‘वेलांटी नाही, मात्रा’ हे पोरीला जन्मभर सांगावं लागेल.

येसू हे यशाशी जोडलेलं नाव, यशोदेचं घरगुती रूपही. महाराणी येसूबाई १६८९ मध्ये मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटून साताऱ्यात आल्या. तीस वर्षं! एवढा धीर क्वचितच दुसऱ्या कुठल्या नावामागे असेल. पण आज नुसतं ‘येसू’ म्हटलं की अनेकांना ‘येशू’ ऐकू येतं. त्यावर तोड आहे: कागदावर यशोदा, घरात येसू.

माझं मत वेणाला. नदीही आपली, बाईही आपली, आणि ती बाई कुणाची लेक किंवा राणी म्हणून नव्हे, स्वतःच्या विद्येवर ओळखली गेली. मात्रेचा त्रास त्यापुढे किरकोळ आहे.

घरात एकमत होत नसेल तर घाई नको. जन्मनोंदणीत नाव वर्षाच्या आत शुल्क न भरता घालता येतं. अर्ज देताना ‘वे’वरची मात्रा आणि ‘ण’ स्वतः वाचून बघा, मगच सही करा.