शेजारचे रंग की समोरचे? मराठवाडा रंगवताना रंगसंगती कशी निवडावी

रेखाटन जमतं, पण रंग घ्यायची वेळ आली की हात थांबतो. रंगचक्रावर, म्हणजे रंग क्रमानं मांडलेल्या वर्तुळावर, शेजारी बसलेले रंग घ्यायचे, की समोरासमोरचे, म्हणजेच विरोधी? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी एकरंगसंगती, उष्ण, शीत, विरोधी हे प्रकार आपण सगळ्यांनी पाठ केलेले असतात. मात्र समोर बालाघाटाचा उघडा डोंगर असताना त्यातला कोणता घ्यायचा, हे पाठांतरातून कळत नाही. माझं मत आधीच सांगतो. मराठवाड्याच्या निसर्गचित्राला बहुतेक वेळा शेजारचे रंगच शोभतात, विरोधी रंग त्यात अगदी थोडा. पैठणी नेसलेल्या बाईचं चित्र असेल तर मात्र विरोधी रंगांना पुढे येऊ द्या.

शेजारचे रंग

चैत्र-वैशाखात इथे पाहिलंत तर निसर्गानंच संगती जुळवून ठेवलेली असते. वाळलेलं गवत, कडब्याची गंज, मुरमाचा रस्ता, नांगरलेलं रान, सगळं पिवळ्यापासून तपकिरीपर्यंतच्या पट्ट्यात बसतं. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि एक अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) एवढ्यात अख्खं चित्र होतं. हे रंग एकमेकांत कसेही मिसळले तरी मळकट होण्याची भीती कमी, म्हणून नवशिक्याला हा मार्ग सोपा.

काळ्या मातीसाठी ट्यूबमधला काळा नका घेऊ. तो कागदावर भोक पाडल्यासारखा दिसतो. आपली माती सुकली की राखाडी, भिजली की गडद होते, आणि उन्हात तिच्यावर तांबूस झाक असते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळा. निळा वाढवला की सावलीतली माती, सायना वाढवला की उन्हातली. सायना म्हणजे मंदावलेला नारिंगीच, तेव्हा ही दोन रंगांची जोडी मुळात निळ्या-नारिंगीचीच, म्हणजे विरोधी. शांत दिसणाऱ्या चित्रातही विरोध असा आतून काम करत असतो.

या संगतीचा धोका एकच, पण मोठा: सगळे रंग एकाच उजळपणाचे झाले की चित्र सपाट पडतं. यावरचा उपाय पाहायचा तर अजिंठ्याला जा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरा अशी त्या चित्रकारांची सामग्री मोजकी आणि बहुतेक मातीतलीच होती. निळ्यासाठीचा लाजवर्द दगड तेवढा आजच्या अफगाणिस्तानातून येई. तरी ती आकृती अंधारातून पुढे येते, कारण मागचा भाग गडद आणि चेहरा उजळ ठेवला आहे. तिथे रंगाचा विरोध कमी आणि उजेड-अंधाराचा जास्त. मला हा धडा रंगचक्रापेक्षाही मोलाचा वाटतो.

समोरचे रंग

निळा-नारिंगी, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा या जोड्या शेजारी ठेवल्या की दोन्ही रंग अधिक तेजस्वी दिसतात. पॅरिसच्या गोब्लाँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम पाहणारा रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे काळ्या धाग्याच्या रंगाबद्दल तक्रारी आल्या होत्या. रंग नीट होता, तो फिका दिसत होता शेजारच्या रंगांमुळे. त्यातून त्यानं शोधलेला नियम १८३९ मध्ये ग्रंथरूपात आला: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचं रूप डोळ्यांपुरतं बदलतात. घरी करून पाहा. राखाडी कागदाचा तुकडा भडक नारिंगीवर ठेवला तर तो निळसर भासतो.

हे बळ आपल्याकडे पैठणचे विणकर रोज हाताळत आले आहेत. जांभळ्या साडीला हिरवा काठ आणि जरीचा पदर, यात जरीचं सोनेरी जांभळ्यासमोर कसं उठतं ते बघा. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, म्हणून घडी हलली की रंगही हलतो. अशी पैठणी रंगवताना घडीच्या उजेडाच्या बाजूला एक रंग आणि सावलीत दुसरा लावा. दोन्ही पॅलेटवर आधीच घोटून ठेवलेत तर ते तेज गेलंच.

विरोधी रंग बिघडतात ते मुख्यतः प्रमाणात. दोन्ही निम्मेनिम्मे, दोन्ही भडक, दोन्ही सारख्याच उजळपणाचे असले की कडा थरथरल्यासारख्या दिसतात आणि डोळा कुठेच टिकत नाही. चित्रकलेचे शिक्षक योहानेस इटेन यांनी, जर्मन कवी गटे यांनी रंगांच्या उजळपणाला दिलेल्या आकड्यांवरून मांडलेली जागेची मापं हाताशी ठेवण्यासारखी आहेत: पिवळा एक भाग तर जांभळा तीन, नारिंगी एक तर निळा दोन, लाल आणि हिरवा समसमान. ही मापं शुद्ध, पूर्ण तेजाच्या रंगांची आहेत. रंग मंदावला की हिशेब बदलतो. लाल-हिरव्याच्या समसमान वाटणीपासून मी दूरच राहतो. त्यातला एक मातकट केल्याशिवाय निसर्गचित्रात ते पटत नाही.

मग निवड कशी करायची

फाल्गुनातला पळस रंगवायचा असेल तर मोह आवरा. नारिंगी फुलांमागे स्वच्छ निळं आकाश भरलं की चित्र कॅलेंडरसारखं होतं. आकाश राखाडी-निळं ठेवा, फांद्या करड्या ठेवा, आणि शुद्ध नारिंगी फक्त दोन-चार गुच्छांना द्या. बाकीची फुलं विटकरी. करडईचं फुललेलं रान असेल तर पिवळ्या-नारिंगीतच राहा, फक्त बांधाच्या सावलीत किंचित जांभळा मिसळा. श्रावणात हिरव्याचे इतके प्रकार असतात की शेजारची संगती आपोआप होते. तिथे लाल लुगड्यातली एखादी आकृती पुरते.

तरीही ठरत नसेल तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन्ही प्रकारे झटपट रंगवा आणि मोबाईलवर त्यांचे फोटो काळे-पांढरे करून बघा. ज्यात करड्याच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात ते मोठ्या कागदावर घ्या. दोन्हींत एकच करडा दिसला तर रंग बदलू नका, आधी उजेड कुठून येतो ते पुन्हा ठरवा.