फायर अलार्म आणि 24 तास मॉनिटरिंग, सोसायटीचा दीड वर्षाचा अनुभव (साडेतीन स्टार)

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, दोन विंग, 14 मजले. बिल्डरने दिलेला फायर अलार्म होता, म्हणजे भिंतीवर लटकलेला होता. पॅनलवर फॉल्टचा पिवळा दिवा कायम पेटलेला आणि बझर सारखा कुईं कुईं करतो म्हणून वॉचमनने त्याच्या भोकांत कापूस कोंबून वरून सेलोटेप मारलेली. मी सेक्रेटरी झाले (दुसरं कोणी हात वर करेना म्हणून) आणि पहिल्याच आठवड्यात हे बघितलं तेव्हा पोटात गोळा आला.

त्यात गंमत म्हणजे फाईलमध्ये सगळं ओके. 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी (यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला) घ्यावा लागतो, तो आधीचा व्हेंडर न चुकता देत होता, शिक्का सही सकट. नवीन कंपनीचे लोक सर्व्हे करायला आले, शिडी लावून वर चढले तर बी विंगमध्ये पाच डिटेक्टरवर डस्ट कव्हर तसंच. दोन वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हा लावलेलं, प्लास्टिकचं केशरी झाकण. आता डोक्यावर टोपडं घातलेल्या डिटेक्टरला धूर कुठून कळणार! त्या पाचही जणांना फॉर्म बीमध्ये चार वेळा पास केलेलं होतं.

नवीन कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तक्रार अजून ओपन आहे आणि तसंही तुमच्या एरियात कोण टेक्निशियन येतो त्यावरच सगळं असतं. काम मात्र छान केलं, हे मान्य करायलाच पाहिजे. जुनं पॅनल कन्व्हेन्शनल होतं, म्हणजे फक्त झोन दाखवणार, बी विंग वरचे मजले असं काहीतरी, मग शोधत बसा. आता अ‍ॅड्रेसेबल आहे, प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर, आणि वायर लूपमध्ये फिरते त्यामुळे एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येतो. जनरेटर रूममध्ये आधी स्मोक डिटेक्टर होता, म्हणजे लाइट गेली की जनरेटर सुरू आणि जनरेटर सुरू की अलार्म, तिथे हीट डिटेक्टर (धूर नाही, उष्णता ओळखणारा) लावला आणि ती कटकट एका दिवसात संपली. इतकी वर्षं कोणाला सुचलं नाही ते नाहीच. पॅनलमधल्या दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या बदलल्या आणि त्यांच्यावर मार्करने तारीख लिहिली, ही छोटीशी गोष्ट मला फार आवडली, कारण जुन्या बॅटऱ्या फुगून भाकरीसारख्या झाल्या होत्या आणि कधीच्या आहेत ते कोणालाच सांगता येईना.

आता मॉनिटरिंग. पॅनलला एक डबी जोडलीय, त्यात सिम आणि शिवाय ब्रॉडबँडची केबल, अलार्म झाला की त्यांच्या कंट्रोल रूमला कळतं. ते आधी वॉचमन केबिनला फोन करतात, मग मला, मग चेअरमनना, कोणीच उचलला नाही किंवा आग आहे म्हणालं तर 101. बऱ्याच जणांना वाटतं अलार्म वाजला की फायर ब्रिगेड आपोआप निघते, तसं काही नाहीये हो, निदान आमच्याकडे तरी नाही, करार नीट वाचा.

पहिली परीक्षा फेब्रुवारीत, रात्री पावणेतीनला. फोन आला, "मॅडम, लूप एक, डिव्हाइस सत्तेचाळीस." बरं मग? सत्तेचाळीस म्हणजे कुठे? मला माहीत नाही, त्यांना माहीत नाही. वॉचमनने डोकं चालवलं की 47 म्हणजे चौथ्या मजल्यावर सात नंबर, आणि बिचारा धावत वर गेला, त्या घरातल्या लोकांना उठवलं, ते बनियनवर बाहेर. डिव्हाइस होतं तळमजल्यावरच्या मीटर रूममधलं. आग नव्हती, डिटेक्टरच्या आत झुरळाचं पिल्लू शिरलं होतं (आतल्या चेंबरमध्ये उजेड पाडून धूर ओळखतात, मध्ये काहीही आलं तरी त्याला धूरच वाटतो). पण ती दहा-बारा मिनिटं खरोखर मीटर रूम पेटलेली असती तर? इन्स्टॉल करतानाच प्रत्येक नंबरसमोर जागेचं नाव टाकायचं असतं, ते यांनी "नंतर करू" वर ढकललेलं. भांडून भांडून तीन आठवड्यांनी टाकलं. एक स्टार इथेच गेला. तुम्ही करत असाल तर नावं टाकल्याशिवाय शेवटचं पेमेंट सोडू नका, आणि तोच चार्ट छापून केबिनमध्ये लावा, आमचा आता लॅमिनेट करून पॅनलच्या शेजारी आहे.

अर्धा स्टार सिमसाठी. रिचार्ज सोसायटीने करायचा हे करारात मागच्या पानावर बारीक अक्षरात, सिम बंद पडलं. मात्र त्यांचं कौतुक असं की रोज एकदा येणारा टेस्ट सिग्नल त्या रस्त्याने आला नाही म्हणून सकाळी सव्वानऊला त्यांचाच फोन आला. ब्रॉडबँड चालू होतं म्हणून निभावलं.

एएमसीमध्ये (वर्षभराच्या देखभालीचा करार) महिन्याला एक व्हिजिट आहे. मुलगा येतो, टेस्टिंगचा धूर सोडायचा स्प्रे असतो त्याच्याकडे, दर वेळी वेगळे डिटेक्टर तपासतो आणि नंबर रजिस्टरमध्ये लिहितो. आधीचा माणूस उदबत्ती लावून बघायचा, तीही खालच्याच मजल्यावर. हूटर (अलार्मचे भोंगे) वाजले की चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा दुपारची झोपमोड झाली म्हणून ग्रुपवर निबंध लिहितात, चालायचंच. ओपन तक्रार म्हणजे बी विंगला नवव्या मजल्याचा हूटर बेडरूमचं दार लावलं की ऐकूच येत नाही, दोन महिने "पार्ट मागवलाय" चालू आहे.

गणपतीत लॉबीत धूप आणि कापूर, म्हणून तेवढे दोन डिटेक्टर पाच दिवस डिसेबल करून घेतले, वॉचमनला लॉबीत बसवलं. विसर्जनाच्या रात्री मी ताशाच्या गोंगाटात उभी, अकराला कंट्रोल रूमच्या मुलीचा फोन, तीनदा ओरडून बोलल्यावर कळलं, "मॅडम, बाप्पा गेले ना? मग लॉबीतले दोन चालू करा, अजून बंदच दाखवतायत."