जुन्या बाहुलीची किंमत: ईबेचं ‘सोल्ड’ फिल्टर कोल्हापूरकरांच्या किती कामाचं?

माळ्यावरच्या पेटीत जुनी बाहुली सापडली की लोक आधी मोबाइलवर किंमत शोधतात, आणि घोळ तिथंच होतो. ईबे या खरेदी-विक्रीच्या परदेशी संकेतस्थळावर कुणीही मनाला येईल तेवढे डॉलर लिहून बाहुली लावू शकतं. ती त्या पैशांना खपते असं नाही. म्हणून कामाचं आहे ते ‘सोल्ड आयटम्स’ हे फिल्टर. फुकट आहे आणि साधारण गेल्या ९० दिवसांत खरोखर काय विकलं गेलं ते दाखवतं. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असं. दीड गुण का कापला, ते पुढे येईलच.

पहिली अडचण शोधायच्या शब्दांची. बार्बीच्या पाठीखाली १९६६ हे साल दिसलं की लोक ‘१९६६ बार्बी’ टाकतात आणि आकडे बघून हरखून जातात. ते साल शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं आहे, बाहुली बनल्याचं नव्हे. तोच शिक्का पुढची कित्येक वर्षं बाहुल्यांवर उमटत राहिला. आपल्याकडच्या घरांत बहुतेक सापडते ती लिओ मॅटेल या कंपनीची भारतात बनलेली बार्बी. तिच्या अंगावर १९६६ असेल, मानेच्या आतल्या कडेवर १९७६ असेल, तरी ती त्यानंतरचीच. खरी ओळख देशाच्या नावावरून पटते. जपान असेल तर बाहुली सुरुवातीच्या काळातली. म्हणून शोधताना डोक्यावरचा शिक्का, अंगावरचा शिक्का, देश आणि इंचांत उंची, चारही टाकावं.

निकाल आले की खोडलेल्या किमती बाजूला काढा. तिथं घासाघीस होऊन सौदा झालेला असतो, खरा आकडा त्याहून कमी. अनेक बाहुल्यांचे एकत्र सौदेही वगळा. उरलेल्यांतले पाच-सहा घेऊन मधला आकडा धरा. एकच विक्री सापडली तर तो भाव समजू नये. सावंतवाडीच्या लाकडी किंवा घरी शिवलेल्या कापडी बाहुल्यांना इथं तोलामोलाची जोडच मिळत नाही, त्यांच्यासाठी हे फिल्टर निरुपयोगी.

मग अवस्था. गुजरीच्या सराफ बाजारात तोळ्याचा भाव सगळ्यांना एकच, बाहुलीचं तसं नसतं. केस कापलेले असले, मूळ कपडे नसले की किंमत कोसळते. कानातल्या धातूमुळे व्हिनाइल प्लास्टिक हिरवं पडलं आहे का, ते कानाभोवती बघा. हा डाग काढायला काहीजण मुरमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम लावतात. त्यानं मूळ रंगही फिका पडतो, चेहऱ्याची रंगरंगोटी निघते. अंग चिकट लागत असेल तर प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक बाहेर येतोय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलेल्या बाहुलीला बुरशीचाही धोका असतो. सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक ओळखायला गरम सुई अजिबात लावू नका, ते भडकन पेट घेतं. बोटानं चोळून कापराचा वास येतो का बघा.

बिनचकाकीच्या चिनी मातीच्या, म्हणजे बिस्क डोक्याच्या जर्मन बाहुलीत केसांचा टोप सहज सुटत असेल तरच काढा. अंधाऱ्या खोलीत डोक्याच्या आत छोटी बॅटरी धरली की बारीक चीर काळ्या रेघेसारखी दिसते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि किंमत तिथंच निम्म्यावर येते. मानेवर ‘ए.एम. ३९०’ असेल तर तो आर्मांड मार्सेल या जर्मन कारखान्याचा साचा. अमाप निघाला, म्हणून शंभरी गाठूनही भाव बेताचाच.

या फिल्टरचा मुख्य दोष म्हणजे परदेशातला भाव इथं लागू होईलच असं नाही. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे अशा बाहुलीचं गिऱ्हाईक भारतातच शोधावं लागतं. शंभर वर्षांच्या आतली बाहुली पाठवता येते, पण टपालखर्च, भक्कम बांधणी आणि ईबेचं कमिशन वजा करूनच आकडा धरा. स्थानिक दुकानदार पुढच्या विक्रीचा नफा ठेवणारच, त्यामुळे त्यानं बाहुली निम्म्या भावाच्या आसपास मागितली तर ते वावगं नाही.

तुलनेला घेतलेल्या विक्रींचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. काही महिन्यांनी सौद्याला बसाल तेव्हा त्या नोंदी तिथं नसतील.