ऑफिस बांधताय? पैसे आधी सोलरला की भिंतींना?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागात ऑफिस बांधणारे बरेच जण छतावरच्या पॅनेलपासूनच सुरुवात करतात. हातात मोजकेच पैसे असतील, तर माझ्या मते ती सुरुवात चुकीची आहे.

सोलर मला नकोसं नाही. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीचं छत लागतं आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे 10 किलोवॉट बसवलं की रोजची 40 युनिट हेस्कॉमच्या (आपल्याकडच्या वीज कंपनीच्या) बिलातून कमी. पण ही सरासरी उन्हाळ्याच्या जोरावर असते. आपल्याकडे जुलैत आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. शिवाय बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की तेही बंद पडतं. लाईनवरच्या वायरमनला धोका नको म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचं अनुदान घरांना आहे, ऑफिसला नाही. कंपनीला पॅनेलवर वर्षाला 40 टक्के दराने घसारा (किंमत घटल्याचा खर्च) मात्र दाखवता येतो.

आता इमारत. दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, साधा छज्जाही ते अडवतो. पश्चिमेचं ऊन तिरपं थेट टेबलापर्यंत येतं. तरीही रस्ता पश्चिमेला आहे म्हणून तिकडेच पूर्ण काच लावतात आणि मग एसी दुपारभर त्या काचेशीच झगडत राहतो! इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. जिना, संडास, स्टोअर पश्चिमेला टाका. बेळगावात उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो, तो आत येईल अशी वरची झरोक्यांची ओळ ठेवा.

हैदराबादच्या इन्फोसिसच्या एका इमारतीत सारखेच दोन भाग करून एकात नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी खेळवलं. दोन वर्षांत दुसऱ्या भागाला गारव्यासाठी सुमारे 34 टक्के कमी वीज लागली. एवढी बचत पॅनेलने भरून काढायची तर छत किती लागेल, याचा हिशेब जरूर करा.

इमारत आधीच उभी असेल, तर मात्र सोलरच घ्या, आधी छताची गळती काढून. नवी बांधत असाल तर पॅनेल दोन वर्षांनी आले तरी चालतील. भिंतीची दिशा नंतर बदलत नाही. फक्त स्लॅब ओतताना केबलसाठी पाइप सोडा आणि पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात घ्या, म्हणजे तिची सावली पॅनेलवर फारशी पडणार नाही.